जमिनीपर्यंत न आलेला पाऊस

नगरपासून सात-आठ मैलांवर एका उघड्या माळावर मुरमाची धावपट्टी होती. तिच्या कडेला पत्र्याची खोली, खोलीपुढे झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेले तापमापक आणि उंच खांबावर वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या फिरत्या वाट्या. या सगळ्याचा कारभारी होता सूर्यभान. जामखेडकडच्या कोरडवाहू घरातला, सातवी शिकलेला माणूस. हवामानाच्या नोंदी घ्यायला शिकला आणि त्याच माळावर त्यानं चाळिशी ओलांडली.

वैमानिकी शिकणारी पोरं आठवड्यातून दोन-तीनदा तिथं उतरायची, घटकाभर थांबून परत उडायची. उडण्याआधी हवामान विचारायला सूर्यभानकडे यायची. वारा कुठून आणि किती, आभाळाचे आठ भाग धरले तर ढगांनी किती भरलेत, नजर किती लांब पोचते, एवढं तो वाचून दाखवायचा. त्यापुढं बोलायचं नाही, हे शिकवणाऱ्या साहेबांनी त्याला बजावलं होतं. आकडे तू सांग, उडायचं की नाही ते वैमानिक ठरवील.

या पोरांत काकासाहेब नावाचा एक होता, नेवाशाकडचा, शेतकऱ्याचाच मुलगा. सूर्यभानला तो नाना म्हणायचा आणि त्याच्या डब्यातली भाकरी हक्कानं मोडून घ्यायचा. उन्हाळ्यात दुपारची हवा तापून विरळ होते, म्हणून विमानाला उचलायला जास्त धाव लागते, हे त्यानं पुस्तकात वाचलं होतं. पण तो सूर्यभानला माळावर उभं करून विचारायचा, हे नुसतं बघून कसं ओळखायचं? सूर्यभानला असं कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

बहात्तरच्या मे महिन्यात काकासाहेब एकटाच विमान घेऊन आला. तीन वाजता परत निघायचं ठरलं. तेवढ्यात पश्चिमेला एक ढग फुगून वर आला. त्याचा तळ खूप उंच होता, आणि तळातून करड्या पावसाच्या झिरमिळ्या लोंबत होत्या. अर्ध्या वाटेत त्या विरून जात होत्या. कोरड्या हवेत पाऊस वरच्या वर सुकत होता.

सूर्यभाननं असला ढग लहानपणापासून पाहिला होता. तो दिसला की त्याचा बाप आधी कडब्याच्या गंजीवर दगड ठेवायचा आणि बैल आत बांधायचा. थेंब पडायचा नाही, पण गार वारा वरून कोसळल्यासारखा यायचा. हे सूर्यभानला ठाऊक होतं. त्या घडीला मात्र खांबावरच्या वाट्या जेमतेम फिरत होत्या. त्यानं वाचून दाखवलं: वारा पश्चिमेचा, चार नॉट; ढग तीन भाग; नजर दहा किलोमीटर.

काकासाहेबनं ढगाकडं बघत विचारलं, "नाना, पाऊस हाय का त्यात?"

"हाय, पन खाली येत न्हाई तो," सूर्यभान म्हणाला.

ते खोटं नव्हतं. काकासाहेबनं वहीत सही केली आणि तो विमानाकडे गेला.

विमान पश्चिमेकडे तोंड करून उडालं. समोरून वारा अंगावर आला तसं ते झपकन उंच चढलं, नेहमीपेक्षाही जास्त. मग बाभळींच्या पलीकडे कुणी वरून तळहात दाबावा तसं खाली खाली गेलं. नंतर नुसती धूळ दिसली. खोलीपुढच्या वाट्या तेव्हा गरगरत होत्या. सूर्यभान धावला, पण आधी धावला की आधी नोंद केली, हे त्याला कधीच आठवलं नाही. वहीत मात्र त्याच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: तीन वाजून बावीस मिनिटं, वारा अडतीस नॉट.

चौकशी झाली. साहेबांनी वही तपासली. एकही आकडा चुकला नव्हता, म्हणून त्यांनी सूर्यभानची पाठ थोपटली.  त्या दिवसापासून दुपारी तीनच्या पुढं त्याला इंजिनाचा आवाज यायचा. विमान यायचं नसेल त्या दिवशीही तो बाहेर जाऊन उभा राहायचा. बायको कडूबाई म्हणायची, कसला आवाज, मला तर काहीच ऐकू येत नाही. पुढं पावसाळा कोरडा गेला. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं लोंबता पाऊस दिसला की आशेनं वर बघायची. सूर्यभान तेवढा मान खाली घालायचा.

पुढच्या मे महिन्यात काकासाहेबची आई, झुंबरबाई, एसटीनं एकटीच आली. पोराचं शेवटचं बोलणं तिला ऐकायचं होतं. सूर्यभाननं सगळं सांगितलं. बापाचे बैल, कडब्याची गंजी, काहीच लपवलं नाही.

"म्हंजी तुमाला ठावं हुतं?" तिनं विचारलं.

"व्हय, आक्का."

 ती म्हणाली, तो ढग मला दाखवा. आज तसा ढग नाही, असं त्यानं सांगितल्यावर ती थांबली. कडूबाईनं तिला घरात अंथरूण घालून दिलं. रोज दुपारी ती माळावर येऊन बसायची. पाचव्या दिवशी ढग आला. झिरमिळ्या लोंबल्या, विरल्या. दोघं शेजारी उभी होती. आधी सगळं चिडीचूप झालं, मग वारा येऊन आदळला आणि तिचा पदर उडाला. दिवसभर तापलेल्या अंगाला तो गारवा बरा वाटला, त्याचीच सूर्यभानला शिसारी आली.

"त्येच्याबी अंगाला आसंच गार लागलं आसंल," झुंबरबाई म्हणाली आणि मुरमावर खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. त्याला तिनं ना माफ केलं, ना शिव्याशाप दिले.

त्यानंतर सूर्यभान नुसते आकडे सांगेनासा झाला. तसा ढग असला की येईल त्याला तो दंडाला धरून बाहेर न्यायचा, पश्चिमेला बोट दाखवायचा आणि तासभर थांबा म्हणायचा. शेऱ्याच्या रकान्यात लिहायचा, पाऊस लोंबतो आहे, जमिनीवर नाही. साहेब चिडले. लेखी ताकीद आली. त्यानं ती वाचून फायलीत लावली आणि दंडाला धरणं सोडलं नाही. काहीजण थांबले, एक-दोघं हसून निघून गेले आणि सुखरूप पोचलेही. थांबलेले तेव्हाच उडाले असते तर काय झालं असतं, हे कुणालाच कळण्यासारखं नव्हतं, म्हणून सूर्यभानचं बरोबर होतं असं कधीच कुणी म्हटलं नाही. त्यालाही तसं म्हणता आलं नाही.