पहिलवानाची पावडर

आमच्या घरात पहिल्यांदा प्रथिनं आली, ती म्हशीने खाल्ली.

हे मी रागानेच लिहितो आहे. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंकोरं होतं आणि मीही! डोणगावच्या आमच्या आळीतला पहिला बी.ए. धाकटा भाऊ शंकर मात्र शाळा सोडून तालमीत रमलेला. मागच्या जत्रेत दुसरबीडच्या पहिलवानाने त्याला चीत केलं होतं. यंदा पुन्हा त्याच्याशीच जोड ठरली. "आता हरला तं लंगोट खुंटीले, अन् तू औतावर," असं बांनी त्याला बजावलं होतं.

शंकर पहाटे जोर-बैठका मारायचा आणि दिवसभर कण्हायचा. "भाऊ, मांड्या अशा ठणकून राह्यल्या, बसलो तं उठता येत नाय अन् उठलो तं बसता येत नाय!"

"तुझा खुराक चुकतोय," मी जाहीर केलं. "मेहनतीने झिजलेले स्नायू भरून यायला प्रथिनं लागतात."

"थे काय असते बे?" बा म्हणाले. "भिजवलेले हरभरे खाय, वरून दूध पे. माह्या बापानं तेच केलं."

"मग काय झालं त्यांचं?"

"मेला. पण कुस्ती हरला नाय!"

अशा माणसांपुढे विज्ञान काय बोलणार? मी तडक अकोला गाठलं. दुकानात प्रथिनांच्या पावडरीचे दोन डबे होते. एकावर गुटगुटीत बाळ, दुसऱ्यावर दंड फुगवलेला गडी. दोन्हींवरचा बारीक इंग्रजी मजकूर मी उभ्याउभ्या वाचला (दुकानदार कंटाळून जेवायला निघाला होता), प्रथिनं कशात जास्त ते ताडून पाहिलं आणि बाळाला नाकारलं. डबा सगळ्यांना दिसेल असा हातात धरून गावातून आणला. "यंदा जत्रेत पाहाच!" असं पारावर सांगूनही टाकलं.

"माय, ही फक्त शंकरला. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे, दुधात."

"हाव," माय म्हणाली.

जत्रेच्या आदल्या दिवशी मी शंकरला विचारलं, "कशी वाटली पावडर?"

"कोणती पावडर? मले तं माय नुसतं दूध देते!"

मी चुलीपाशी धावलो. डबा घासूनपुसून ठेवलेला. आत मीठ!

"माय! पावडर कुठे गेली?"

"म्हशीले चारली. ढेपीत कालवून."

"म्हशीले? काऊन?" (संताप आला की माझं पुस्तकी मराठी पळून जातं.)

"ओरडू नको. एकट्यानं खायाचं अन् बाकीच्यायनं पाह्याचं, असं असते का घरात? म्हशीले चारली तं दुधातून साऱ्यायलेच लागते."

"अगं, असं दुधात उतरत नाही ते!"

"मंग सरकी कायले चारतो आपण?"

कॉलेजात हा प्रश्न कोणी काढलाच नव्हता! मी तणतणत गोठ्यात गेलो, निदान गव्हाणीत तरी थोडी उरली असेल म्हणून वाकलो. म्हशीने अशी लाथ घातली की मी थेट शेणात! आता मांडी माझीही ठणकू लागली, आणि स्नायू भरून काढायला घरात चिमूटभर पावडर नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी लंगडत आखाड्यावर पोचलो. तोंड लपवायची तयारी करूनच गेलो होतो. पण शंकरने दुसरबीडच्या पहिलवानाला उचललं आणि असं आपटलं की हलगीवालाही वाजवायचं विसरला! लोकांनी शंकरला खांद्यावर घेतलं. बांनी फेटा उडवला आणि गर्दीत ओरडले, "म्हशीनं नाव राखलं!"

म्हशीनं! मी नाही, अकोला नाही, रोज पहाटे घाम गाळणारा शंकरही नाही!

मग बांनी पावडरीची सगळी गोष्ट गर्दीला सांगितली, आणि बघता बघता लोकांनी मला घेरलं. "भाऊ, म्हशीले चारली थे पावडर कोणती?"

"अहो, ती माणसांची आहे! मी स्वतः वाचून, ताडून निवडली..."

"थे ठीक हाये. पण माही म्हैस गाभण हाये. तिले चालंल का?"

मी दातओठ खाल्ले. सभोवती सगळे कान टवकारून उभे. इतकी माणसं माझ्या तोंडाकडे आशेने बघताहेत, असं बी.ए. झाल्यापासून पहिल्यांदाच घडत होतं.

"चालंल," मी म्हणालो. "पण सुरुवातीले एकच चमचा."