कुठं आलात?

चैतातल्या दुपारी कळमनुरीकडं जाणारा रस्ता मृगजळानं तळ्यासारखा दिसतो. पोलिसांच्या वाहतूक शाखेतली करुणा त्याच्या काठावर लिंबाखाली उभी असायची. लांबून येणारी गाडी आधी नुसतीच थरथरायची, मग तिला चाकं फुटायची, आणि सगळ्यात शेवटी चालवणाऱ्याचा चेहरा दिसायचा. मान मांडीकडं झुकलेली दिसली की करुणाची शिट्टी वाजे.

त्या दिवशी मेंढरं भरलेला एक पिकअप असाच तरंगत आला. चालवणारा मल्हारी खाली बघत होता. शिट्टी ऐकून त्यानं गाडी कडेला घेतली.

"भाऊ, गाडी चालवताना काय लिहून राहिले होते?"

"कायी न्हाई, ताई. येऊन राहिलो, एवढंच."

करुणानं दंडाची पावती करायला घेतली. तेवढ्यात त्याच्या हातातला मोबाईल वाजला. पडद्यावर दोनच शब्द होते : 'कुठं आलात?'

ती वाचतच राहिली. मेंढरांचे ऊन ऊन श्वास तिच्या हाताला लागत होते, पण ती तिथं नव्हतीच. ती नऊ वर्षांमागच्या चुलीपुढं होती. भाऊ प्रज्ञेश औंढ्याहून रिकामी जीप घेऊन निघाला होता. भाकरी निवत चालली म्हणून तिनं मेसेज टाकून विचारलं होतं, 'कुठं आलास?' 'आलो' एवढं उत्तर आलं, आणि जीप उसाच्या ट्रॉलीत घुसली. प्रज्ञेश वाचला, डावा पाय मात्र सरळ झाला नाही. डोळा लागला असेल, असं घरात सगळे म्हणत. मेसेजचं करुणानं कुणाला सांगितलं नाही. पुढं तिनं वाहतूक शाखा मागून घेतली.

"घरी फोन लावा," ती मल्हारीला म्हणाली.

पलीकडं त्याची बायको बनाबाई होती.

"तुमचे मालक सुखरूप हायेत," करुणा म्हणाली. "पण ते गाडीवर असले की मेसेज टाकू नका."

बनाबाई म्हणाली, "मला वाटायचं, उत्तर आलं म्हंजी माणूस बराबर हाय."

करुणानं मोबाईल परत केला. पावती मात्र तिनं मल्हारीच्या हातात दिलीच.

संध्याकाळी ती प्रज्ञेशकडं गेली. तो शेळ्यांना बाभळीच्या शेंगा टाकत होता. तिनं दुपारचं आणि आपल्या त्या मेसेजचं सगळं सांगितलं.

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "मोबाईल माझ्याच हातात होता ना."

"मग बोलला काहून न्हाईस?"

"इचारलंस तू. मान खाली घातली ती म्या."

त्यानं शेंगांची पाटी तिच्याकडं सरकवली. अंधारेपर्यंत दोघं शेळ्यांना चारत बसली.

आता करुणा पावती दिली की घरी फोन लावायला लावते. कुणी चिडतं, कुणी लाजतं. परवा डोंगरकडा गावच्या एका केळीवाल्याची म्हातारी आई तिच्याशी बराच वेळ बोलली. मुलगा लहानपणी कसा झोपेत चालायचा, हेच सांगत राहिली. करुणानं फोन ठेवला नाही.