फाईलमधली सुमन

मैत्रिणींनो, इमिग्रेशनकडे मागितलेली माझ्या फाईलची कॉपी आज पोस्टाने आली. पानोपानी नाव सुमन! लग्नात ह्यांनी तांदळात अंगठीने 'वैशाली' लिहिलं, पण मी अमेरिकेत आले ती जुन्याच पासपोर्टवर.

हे म्हणाले, "करेक्शनचं लेटर आजच टाक, नाहीतर सिटिझनशिप अडकेल." ह्यांना काय, नाव माझं बदललंय.

टाइपरायटरवर 'सुमनऐवजी वैशाली करावे' लिहिताना हात थांबला. आई गेल्यापासून मला सुमन म्हणणारं कोणी नाही. इथे पार्सिपनीत तर ते नाव फक्त त्या फाईललाच माहीत होतं.

लेटर टाकलं. परत येताना गाडीत मी स्वतःलाच मोठ्याने "सुमन" अशी हाक मारली. ओ द्यायला वेळच लागला.

तुम्हाला माहेरच्या नावाने अजून कोण हाक मारतं गं?