ऊन काढून टाकलेलं बंदर

माझं माहेर पेणचं. कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करण्यात निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे माझा हात कापत नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनंच सांगते. मूर्तीचं अंग, पितांबर, दागिने सगळं रंगवून झालं की शेवटी डोळे. लग्न होऊन रोह्याला आले, तरी सीझनला पेणहून बोलावणं चुकत नाही.

गेल्या वर्षी पुलापलीकडच्या अष्टमी गावातून एक चाचा घरी आले. जन्मभर जहाजावर खलाशी होते, आता घरीच असतात. हॉलच्या भिंतीवर त्यांना फ्रान्समधलं एक बंदर काढून हवं होतं. अट एकच.

"माणूस नको काढू गो. घरात नमाज होतो."

म्हणजे डोळे आखणाऱ्या बाईनं एकही डोळा न काढता चित्र काढायचं. मी लगेच हो म्हटलं.

मी भिंत घासायला घेतली तशी चाचांनी खुर्ची ओढली आणि गाव सांगायला सुरुवात केली. नदी समुद्राला मिळते तिथलं ते गाव. धक्क्याला लागून अंग चोरून उभी असलेली उंच, अरुंद घरं, त्यांच्या भिंतींवर पाटीच्या दगडाचे तुकडे ठोकलेले. मासे खारवायचं मीठ ठेवायला दगडी वखारी. पुढे गाळ साचत गेला आणि मोठी जहाजं दुसऱ्या बंदराला जायला लागली. मीठ आणि गाळ म्हटल्यावर मला आमची पेणची खाडीच आठवली. चाचांच्या त्या गावातलं चर्च तर जहाजं बांधणाऱ्या सुतारांनी लाकडात उभारलेलं. आतून वर बघितलं तर उलटी घातलेली होडी! आणि धक्क्यावर चित्रकार. पूर्वी मोठमोठे चित्रकार तिथे येऊन राहायचे, तेच पाणी सकाळी वेगळं, दुपारी वेगळं रंगवायचे. आजही त्या धक्क्यावर कोणी ना कोणी रंग घेऊन उभं असतंच, असं चाचा म्हणाले.

मग त्यांनी त्याच बंदराचं एक जुनं पोस्टकार्ड माझ्या हातात दिलं आणि आवाज खाली आणला. चाची आत स्वयंपाकघरात होती.

"थंडीत आमचा जहाज तिथं दुरुस्तीला अडकला. हिकडं पोरगा गेला आमचा. दोन वर्सांचा. तार मिळाली तवा दफन होऊन गेलेला. आणि मी आधी धाडलेला हा कार्ड हिच्या हातात पडला दफनानंतर. ही म्हनाली, माझा पोर मातीत, नि तुमी तिथं मजेत. एकदाच म्हनाली. पन आजून तसाच समजते. तार वाचून मी कुठं बसलो व्हतो, ता हिला दिसूंदे."

पोस्टकार्डावर निळंभोर आकाश, लाल होड्या आणि लख्ख ऊन होतं.

एवढं ऐकूनही मी काय करावं? कारखान्यात चमक दिल्याशिवाय मूर्ती बाहेर पडत नाही, आणि माझा हात त्याच वळणाचा. पोस्टकार्ड समोर ठेवून मी आठ दिवस राबले. घरांना गुलाबी छटा दिली, खिडक्यांना सोनेरी कड काढली, पाण्यावर पांढरे ठिपके टाकले. स्वतःवर खूश होऊन चाचीला हाक मारली.

चाची उंबऱ्यातूनच बघून म्हणाली, "चांगला हाय. मजेचा गाव हाय." आणि आत गेली.

चाचा हळूच म्हणाले, "मखर झाला गो."

मला राग आला. आधी त्यांचा आणि पुलावर आल्यावर माझा. आभाळ भरलेलं होतं. खाली कुंडलिका नदी पसरलेली, कुठेच चमक नाही, आणि तरी नजर हलेना. पाण्याच्या एका तुकड्यासाठी ते चित्रकार दिवस दिवस का उभे राहायचे, ते तिथे मला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना एकच विचारलं, तार मिळाली त्या दिवशी उजेड कसा होता?

"उजेड नव्हताच. पानी नि आभाल एकच."

चार दिवस मी त्या भिंतीवरचं ऊन काढत होते. करड्या रंगाचा माझा सराव गणपतीच्या उंदरापुरता, पण तोच कामाला आला. सोनेरी कडा गेल्या, गुलाबी गेलं, होड्या ओल्या लाकडाच्या झाल्या. खिडक्या सवयीनं शेवटी ठेवल्या होत्या. त्या एकेक करून बंद काढल्या.

शेवटच्या खिडकीवर होते तेव्हा चाची चहा घेऊन आली. कप तिच्या हातातच राहिला.

"येवढी थंडी व्हती?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"व्हय."

"कुठं बसला व्हता तुमी?"

चाचा उठले. भिंतीपाशी जाऊन त्यांनी पाण्यालगतच्या एका दगडी पायरीवर बोट ठेवलं. पायरी रिकामी होती. माणूस काढायचा नाही असंच ठरलेलं.

"एकटेच?"

"एकटाच."

चाचीनं कप खाली ठेवला आणि त्या पायरीवर हात टेकला. रंग अजून ओला होता. मी ब्रश बाजूला घेतला. तिनं हात काढला तेव्हा पायरीवर चार बोटं उठली होती. ती मी तशीच ठेवली.