उष्टी पत्ती

माझे यजमान बॅण्डात मोठा क्लॅरोनेट वाजवीत. वरातीत सगळ्यांनी पाहिलेला असतो तो लहान. हा त्याच्या दुपटीहून उंच, आणि आवाज खर्जातला. लढाईहून परतताना पलटणीच्या बॅण्डातून मोडीत निघालेला तो ह्यांनी मागून घेतला होता. अलिबागच्या लग्नांत त्याची कुणाला गरज नव्हती. पण हे वाजवू लागले की बाकीच्या वाद्यांना पायाखाली जमीन मिळाल्यासारखं वाटे.

त्या वाद्याचा सगळा जीव पत्तीत. बोरूसारख्या वेळूची बोटभर रुंद पट्टी, शेंड्याला कागदासारखी पातळ, वाद्याच्या तोंडाशी बांधायची. मुंबईहून दहा मागवल्या तर दोन नीट बोलत. बाकीच्या घासून जुळवाव्या लागत. ह्यांना जवळचं बारीक दिसत नसे, म्हणून ते काम ह्यांचा मित्र करी. तो श्रीवर्धनकडचा मुसलमान सुतार, गलबतांच्या डागडुजीसाठी आमच्या बंदरात येऊन राहिलेला. सकाळी ओटीवर बसून तो पत्ती काचेवर सपाट ठेवी आणि खरवतीच्या वाळक्या पानाने घाशी. लाकूड गुळगुळीत करायला सुतार वापरतात तेच खरखरीत पान. उजेडासमोर धरून पाही, मग तोंडात घालून ओली करी आणि वाद्याला लावून स्वतः फुंकी. सूर पटला की पत्ती तशीच ह्यांच्या हाती देई, आणि हे ती तशीच तोंडात घालीत.

मी रोज ह्यांच्या उष्ट्या पानात जेवत होते. माझं उष्टं ह्यांनी खाण्याची रीत नव्हती, आणि त्याचं मला कधी काही वाटलंही नव्हतं. ओटीवर ते पाहिलं आणि वाटू लागलं. शेवटी एकदा मी ह्यांना म्हटलं, दुसऱ्या धर्माच्या माणसाचं उष्टं घेता, शेजारणी काय म्हणतील?

"पत्ती तोंडात धरल्याशिवाय कळत नाही," हे म्हणाले. "ते काय जेवण आहे?"

शेजारणींचं मी निमित्त केलं होतं. तो आमच्याच जातीचा असता तरी मला तितकंच लागलं असतं.

मग दारामागे उभी राहून मी त्याचे हात पाहू लागले. शाळेत धडा पाठ करावा तसं सगळं पाठ केलं, आणि एका लग्नाच्या आदल्या दिवशी गुपचूप एक पत्ती जुळवली. पण नवऱ्याच्या तोंडी जायची वस्तू आपण उष्टी कशी करावी? मी ती वाटीतल्या पाण्यात भिजवली, फुंकून न पाहता नुसत्या नजरेने घासली आणि पत्त्यांच्या डबीत सर्वांत वर ठेवली.

वरातीत ती किंचाळली. खर्ज निघेचना. बॅण्डातला ढोलवाला दुसऱ्या दिवशी दारावरून जाताना म्हणाला, "वहिनी, काल मास्तरांनी पेटीत बदक आणलं होतं." सुताराने ती पत्ती उजेडासमोर धरली आणि त्याला सगळं कळलं. मला हाक मारून तो हळूच म्हणाला, "भाभी, शेंडा फार घासून उतरवलात. तोंडात घेऊन पाहिली होती?" मी नाही म्हटलं. "मग कशी बोलेल?" तो हसला नाही, आणि ह्यांना सांगितलंही नाही. त्याच्या त्या भलेपणाचा मला आणखीच राग आला.

पुढच्या माघात तो एका गलबताच्या कामाला श्रीवर्धनास गेला. इकडे लग्नसराई. डबीतली एकही पत्ती धड बोलेना. मी काच आणि खरवतीची पानं घेऊन ओटीवर बसले, उघड, सकाळच्या उन्हात. घासली, तोंडात धरली, वाद्याला लावून फुंकली. आधी नुसता वारा गेला. तीनदा घासल्यावर खालचा सूर आला. तो दातांत आणि कपाळात घुमला. एवढ्या वर्षांत तो सूर मी फक्त कानांनीच ऐकला होता.

हे दारात उभे होते. "लावून पाहिलीस?"

"हो."

मी ती सोडवून पदराने पुसू लागले, तोच ह्यांनी हात पुढे केला आणि पत्ती तशीच तोंडात घातली.

त्यानंतर सुतार परत आला, पुन्हा ओटीवर बसू लागला. हे दोघांच्याही पत्त्या वाजवीत. कोणती कोणाची, हे कधी बोलले नाहीत, आणि मला विचारता आलं नाही.

हे गेल्यावर तेराव्यानंतर तो आला. ओटीवर नेहमीच्या जागी बसला. मग म्हणाला, एखादी पत्ती द्याल तर ठेवून घेईन. मी डबी पुढे केली नाही. पेटी उघडून वाद्याच्या तोंडाला बांधलेली, ह्यांनी शेवटची वाजवलेली पत्ती सोडवून त्याच्या हाती दिली आणि विचारलं, ही तुमचीच ना?

त्याने ती दारातल्या उजेडाला धरली.

"माझी नव्हे, भाभी. माझा हात डावीकडे जड पडतो. ही तुमची."

मला ते ठाऊक होतं. पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मग ती परत घेऊन मी त्याला डबीतल्या त्याच्या सगळ्या पत्त्या दिल्या.

तो फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी हातातली पत्ती सोडली नाही.