काकूंचा वाचणारा डबा

किस्से जमवावे लागत नाहीत हो, दुरुस्तीला बसलं की आपोआप जमतात. दुरुस्ती तेवढी जमत नाही! आमच्या चौबे कॉलोनीतल्या रविवारच्या बैठकीचंच पाहा. आम्ही तिघं: मी, रेल्वेच्या ऑफिसातले विनोदभाऊ आणि त्यांची कॉलेजात जाणारी, इथल्या हिंदीतच वाढलेली पोट्टी पूर्वा. विनोदभाऊंच्या आईची, म्हणजे काकूंची, नजर गेली. जन्मभर पुस्तकांत बुडालेली बाई, फार वाईट वाटायचं. म्हणून साबणाच्या वडीएवढा कॉम्प्युटर, कॅमेरा आणि स्पीकर एका डब्यात बसवायचं ठरलं. समोर पान धरलं की डब्यानं मोठ्यानं वाचायचं.

"काकू, घरात एवढी माणसं आहेत, कोणीही वाचून दाखवेल की," मी म्हणालो.

"दुसऱ्याच्या तोंडून वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या हातानं जेवणं! मले माझं माझं वाचायचं आहे. डबा काय माणूस आहे?"

* * *

आधी पानावरची अक्षरं ओळखणारं पॅकेज टाकलं. झकास चाललं! मग मराठी आवाजाचं टाकलं, तर अक्षरंवालं बंद. दोघांनाही लागते एकच लायब्ररी, पण एकाला तिचं नवं व्हर्जन पाहिजे, दुसऱ्याला जुनंच.

"काहून बंद पडलं?" काकूंनी विचारलं.

"आजी, दोनों की आपस में बनती नहीं."

"मग आधी पत्रिका नाही पाहिली?"

आता काय सांगू! दोन्ही पॅकेजच्या माहितीत व्हर्जन स्पष्ट लिहिलेलं होतं. आम्ही कोणीच वाचलं नव्हतं.

* * *

विनोदभाऊंनी तोड काढली. हिंदी आवाजाचं पॅकेज नव्या व्हर्जनवर चालून राहिलं होतं. "लिपी तर एकच आहे न आई! घे चालवून."

डब्यानं मराठी पेपर वाचायला घेतला. काकूंनी दोन ओळी ऐकल्या अन् म्हणाल्या, "पूर्वा, तू वाचून राहिली का गं?"

"आजी! मैं तो इससे अच्छा पढ़ती हूँ!"

"हव. थोडंसं."

हिंदी आवाज त्याच दिवशी काढून टाकला.

* * *

दसऱ्यानंतरचा रविवार तर विचारूच नका. डबा एक अक्षर ओळखेना. नक्कीच काहीतरी अपडेट झालं असणार! मी सगळी पॅकेजं काढली, पुन्हा टाकली. पूर्वानं मेमरी कार्ड पुसून सगळं पहिल्यापासून केलं. दुपार गेली, चहा गेला, माझं डोकं गेलं.

शेवटी पूर्वानं डबा उचलून समोरून पाहिला. "पापा, ये क्या है?"

खंडेनवमीला विनोदभाऊंनी घरातल्या पान्या-पकडींसोबत डब्याचीही पूजा केली होती. हळदकुंकू थेट कॅमेऱ्याच्या काचेवर!

"समोर तेच कपाळासारखं दिसलं," विनोदभाऊ म्हणाले.

* * *

मग पूर्वा म्हणाली, "दोनों पैकेज को अलग-अलग रखते हैं." कॉम्प्युटरच्या एकाच बोर्डावर दोन वेगळ्या जागा करायच्या, ज्याची त्याची लायब्ररी ज्याच्या त्याच्या जागेत. एकानं अक्षरं ओळखून फाईल ठेवायची, दुसऱ्यानं ती उचलून वाचायची.

विनोदभाऊंचा जीव घाबरा. "एवढ्याशा बोर्डावर दोन संसार?"

"काहून नाही?" काकू म्हणाल्या. "मी अन् जाऊबाईंनी रेल्वेच्या एका क्वार्टरात दोन चुली मांडल्या होत्या. भाजीची वाटी इकडून तिकडे जाये, भांडण नाही."

चाललं! अस्सल मराठीत! पूर्वा नाचलीच, माझेही डोळे भरून आले.

* * *

आम्ही हौसेनं ताजा पेपर समोर केला. काकूंनी तो बाजूला सारला.

"हा वाचलेलं कोणाला सांगत तर नाही न?"

"नहीं आजी, कुछ सेव नहीं होता."

"बरं. आता सगळे बाहेर व्हा."

आम्ही बाहेर. आतून कडी लागली. कपाट उघडल्याचा आवाज आला, पानं चाळल्याचा आला. विनोदभाऊ दाराला कान लावून उभे.

डबा खणखणीत आवाजात म्हणाला, "प्रकरण सातवं."

पुढचं अर्धं वाक्य झालं न झालं, तोच आतून काकूंची हाक आली, "पूर्वा! अगं, याचा आवाज हळू कुठून होते?"