लाल रंगाची नोंद

राजेश्री आमच्या ऑफिसात आली तेव्हा तिचं लग्न मोडून वर्ष झालं होतं. नवरा पुण्याला गेला तो गेलाच. आई येलदरीला, धरणाच्या काठावर, एकटी. राजेश्रीनं जिंतूरला कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेलं. एका बियाणे कंपनीच्या परभणीतल्या विभागीय कार्यालयात तिला अकरा महिन्यांच्या करारावर घेतलं आणि माझ्या शेजारचं टेबल दिलं. मी आवक-जावक बघायचो, ती तक्रारी.

सोयाबीन उगवलं नाही की शेतकरी आमच्याकडे येतात. मृग सरला की फाटकापाशी रांग लागायची, शिवीगाळ व्हायची. तिनं ते ऑनलाइन कॅलेंडरवर आणलं. शेतकऱ्यानं फोन करायचा, ती नाव, गाव आणि वेळ टाकणार, मग ठरल्या दिवशी साहेबांची दहा मिनिटं मिळणार, आणि साहेबांनी सांगितलं की माणूस रानात पाहणीला जाणार. रांग बंद झाली. त्यावर तिनं स्वतःच्या डोक्यानं आणखी एक जोडणी केली. कॅलेंडरमध्ये नोंद पडली की त्या गावाच्या पावसाचा नेटवर आपोआप शोध व्हायचा आणि सापडेल ते त्याच नोंदीखाली येऊन बसायचं. शेतकरी समोर बसायच्या आधी साहेबांना कळावं की तिकडं पेरणीजोगा पाऊस झाला होता का. माणसाला खोटं पाडू नये, एवढाच तिचा हेतू. मला तिनं तो सगळा प्रकार हौसेनं दाखवला होता.

अमृत वट्टमवार साहेबांनी तो बघितला आणि म्हणाले, "पाऊस कशाला शोधायलीस? माणूस शोध."

"म्हणजे, सर?"

"नाव टाक. कुठं बातमीत आलाय का, व्हिडिओ केलाय का, मोर्चात होता का. तसला निघाला की नोंद लाल कर. लाल झाली की तारीख आपोआप पाच दिवस पुढं. मेसेज भेटीच्याच दिवशी सकाळी नऊला. आधी कळवलं की फोन करत बसतात."

तिनं दोन दिवसांत ते करून दिलं. चांगलं चाललं. उगवणीची पाहणी रोप कोवळं असतानाच करावी लागते. तीन आठवडे गेले की तण माजतं आणि बियाणं खराब होतं की पेरणी चुकली हे कुणालाच सांगता येत नाही. साहेबांना हे पक्कं माहीत होतं. मलाही होतं.

जूनच्या शेवटी झरीचे लिंबाजी दुधाटे आले. पासष्टीचे, धोतर, हातात तक्रारीची पावती. सकाळी नऊचा मेसेज सुनेच्या फोनवर गेला होता आणि तेव्हा हे एसटीत होते. गेटवरच्या गार्डनं सांगितलं, तुमचं लाल आहे. ते आत राजेश्रीकडं आले.

"बाई, लाल म्हंजे काय वो?"

"तारीख बदललीय, काका. पाच दिवसांनी या."

"मी कुनाचं काय केलं न्हाई. चार बॅगा पेरल्या, मूठभर उगवलं. तुमचा मानूस येऊन बघंल, एवढंच म्हननं हाय."

ते गेल्यावर तिनं नोंद उघडली. खाली एक व्हिडिओ चिकटला होता. देवगाव फाट्यावर रस्ता अडवून बियाण्याच्या रिकाम्या बॅगा जाळणारा, हातात माइक घेतलेला लिंबाजी दुधाटे. पस्तिशीचा, जाड मिशांचा. नाव तेच, आडनाव तेच, माणूस दुसरा. तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवली. मी बघितलं आणि म्हणालो, "साहेबांना सांग."

तिनं सांगितलं. साहेब चहा पीत होते. "नाव तेच आहे ना? मग झालं. सिस्टिमनं ठरवलंय, आपण कशाला वाईट व्हायचं?"

एक बोट लावलं असतं तर ती नोंद हिरवी झाली असती. पण आठवड्यापूर्वी तिनं मानवतच्या एकाची तशी हिरवी केली होती. साहेबांना ते कळलं. त्यांनी तिला सगळ्या स्टाफसमोर उभं केलं आणि त्या दिवशीच्या चौदा शेतकऱ्यांना एकेक करून फोन लावायला लावला. स्पीकर चालू ठेवून, तिच्याच तोंडून, भेट रद्द झाल्याचं सांगायला. आठव्या-नवव्या फोनला तिचा आवाज बसला. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला आणि म्हणाले, "घे, पी. पाच राहिलेत. तुझा करार ऑगस्टात संपतो ना?"

लिंबाजी दुसऱ्यांदा आले, तिसऱ्यांदा आले; दरवेळी नोंद लालच, तारीख आणखी पाच दिवस पुढं. आत पंख्याखाली खुर्च्या होत्या, पण त्या हिरव्यांसाठी. लालवाले गेटबाहेर, पत्र्याच्या कुंपणाच्या कडेला. एकदा साहेब गाडीतून उतरताना त्यांना बघून म्हणाले, "काय आंदोलक, आज पेट्रोल आणलं का?" गार्ड हसला. म्हाताऱ्याला काहीच कळलं नाही, त्यांनी हात जोडले.

तिसऱ्या खेपेला त्यांनी राजेश्रीला विचारलं, "समदे दुबार पेरायलेत, बाई. वापसा हाय, रान पेरनीजोगं झालंय. मी पेरू का?"

पावतीवर खाली छापलेलं होतं: पाहणी होईपर्यंत शेत मोडून दुबार पेरू नये. पेरलं असतं तर तक्रार गेली असती, नसतं पेरलं तर हंगाम. राजेश्री पावतीकडं बघत राहिली. साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं.

"पावतीवर लिहिलंय तसं करा," ती म्हणाली.

त्यांनी तसं केलं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी स्वतःच सांगितलं, "आता बोलवा त्याला." पाहणी करणारा माणूस झरीला जाऊन आला. रानात गुडघ्याएवढं तण. अहवाल एका ओळीचा: उगवणीबाबत निष्कर्ष काढता येत नाही. लिंबाजींना पहिल्यांदा आत खुर्ची मिळाली.

"इतके दिवस रान पडीक का ठेवलं?" साहेबांनी विचारलं. "आळस केला की असंच होतं."

लिंबाजींनी पावती काढून टेबलावर ठेवली आणि त्या छापील ओळीवर बोट ठेवलं.

"ते सगळ्यांच्याच पावतीवर असतं," साहेब म्हणाले, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

ऑगस्टात लिंबाजींची बायको दगडाबाई अहवालाची नक्कल न्यायला आली. म्हातारा दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायला लागला होता, त्याला यायला वेळ नव्हता. साहेब त्या दिवशी दौऱ्यावर होते. राजेश्रीनं नक्कल दिली, आणि मग काय झालं कोण जाणे, तिनं स्क्रीन दगडाबाईकडं फिरवली आणि तो व्हिडिओ लावला. नाव वाचून दाखवलं. यामुळं तारीख ढकलत गेली, हेही सांगितलं.

दगडाबाईनं व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. "हे आमचे न्हाईत."

"माहीत आहे."

"कवापासून?"

"काका पहिल्यांदा आले त्या दिवसापासून."

मी फाइल चाळायचं नाटक करत होतो. मग तिनं कागदाची घडी पदराच्या गाठीत बांधली.

"त्यास्नी हे सांगू नगं," ती म्हणाली. "ते म्हंत्यात, माझ्याच हातानं बी खोल पडलं आसंल. तेच्यावर त्यांचं मन बसलंय. तुमाला म्हाईत होतं हे कळलं तर ते जेवायचे न्हाईत."

राजेश्री उठून तिच्या पाया पडायला वाकली. दगडाबाईनं पाय मागं घेतले आणि निघून गेली.

करार संपायच्या आठवड्यात मुख्य कार्यालयातून मेल आली. परभणीच्या तक्रारी निम्म्यानं घटल्या होत्या. राजेश्रीला कायम करून छत्रपती संभाजीनगरला बोलावलं होतं, आठ जिल्ह्यांसाठी तीच जोडणी बसवून द्यायला. तिनं एक दिवस रजा घेतली, येलदरीला जाऊन आली आणि हो कळवलं. जाण्याआधी मला म्हणाली की नोंदीत वयाचा रकाना घालीन, म्हणजे एका नावाची दोन माणसं वेगळी निघतील.

दिवाळीत ती परभणीला आली तेव्हा बसस्टँडवर भेट झाली. अंगावर नवीन साडी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. रकान्याचं काय झालं, मी विचारलं.

"नाही घातला," ती म्हणाली. "वय भरायला वेळ लागतो म्हणाले."

मग आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टर चांगले होते, आता तिला स्वयंपाक करताना नीट दिसतं, असं बरंच सांगत राहिली. तिची गाडी लागली. मी तिची बॅग वर चढवून दिली.